‘मगे घराचा काय झाला?’ : एका चित्रपटाच्या उत्तरार्धाचा अभ्यास

देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात, शाळेच्या पटांगणात पडदा लावून तो चित्रपट दाखवला, तेव्हा मी आजींच्या शेजारी बसले होते. चित्रीकरण त्यांच्याच घरात झालेलं. मध्यंतरापर्यंत आजी इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसत होत्या. शेवटी कणकवली स्टेशनात नायक-नायिका एकमेकांना भेटली, गाणं सुरू झालं आणि पडद्यावर नावं वर सरकू लागली. आजी माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “मगे घराचा काय झाला?”

मला उत्तर देता आलं नाही. चित्रपटातही ते नव्हतं.

या चित्रपटाच्या पहिल्या वाचनापासून डबिंगपर्यंत मी मालवणी बोलीची मार्गदर्शक म्हणून बरोबर होते. कुठला बदल कोणत्या दिवशी झाला, तेव्हा खोलीत कोण काय म्हणालं, हे मला आठवतं. चित्रपटाचं आणि माणसांचं नाव देत नाही. सगळी माणसं जीव तोडून राबली होती, आणि ज्याला आपण सहज ‘निर्मात्याने वाट लावली’ म्हणून मोकळे होतो तसं काही इथे घडलं नव्हतं. प्रत्येक बदलाला त्या वेळी पटेल असं कारण होतं. म्हणूनच हे प्रकरण नीट मांडून ठेवावंसं वाटलं.

कागदावरचा चित्रपट

मूळ गोष्ट अशी. डोंबिवलीत राहणारा, तिशीतला मुलगा गावचं वडिलोपार्जित घर विकायला येतो. घेणारा तयार आहे, त्याला समुद्राकाठी राहण्याजेवणाची सोय उभारायची आहे. अडचण सातबाराची. त्यावर अकरा नावं.

कोकणात ज्याचं घर आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पणजोबा गेले, वारसनोंदी झाल्या, फेरफार झाले, वाटणी मात्र कधीच झाली नाही. भाऊ मुंबईला गेले, बहिणी लग्न होऊन गेल्या, नावं वाढत गेली. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात, एकाच माजघरात चार चुलींची माणसं झोपतात, आणि घर कोणाचं हा प्रश्न दरवर्षी पुढच्या वर्षावर जातो. कायद्याने सहहिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो. पण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 सांगतं की कुटुंबाच्या राहत्या घरातला असा हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला, तर तेवढ्यावर त्याला घरात येऊन इतरांबरोबर ताबा मागता येत नाही. म्हणून शहाणा गिऱ्हाईक सगळ्यांच्या सह्यांशिवाय पैसे सोडत नाही. नायकाला अकरा सह्या हव्या असतात, त्याही दुय्यम निबंधकासमोर.

नायिका शेजारच्या घरातली. तिची आजी यादीत तिसरी. वडिलांच्या मागे हापूसची बाग ही मुलगीच बघते. नायकाला घरं दाखवत फिरवणारी तीच आणि घर विकू नये असं वाटणारीही तीच.

प्रेमाच्या हलक्याफुलक्या चित्रपटात ही दोघं एकत्र येणार हे पोस्टर पाहूनच कळलेलं असतं. ते कळूनही आपण तिकीट काढतो ते दुसऱ्या गोष्टीसाठी: एकत्र येताना कोणाला काय सोडावं लागणार. या संहितेत ते फार स्वच्छ मांडलं होतं. तिचं काम झाडांना बांधलेलं, त्याची नोकरी लोकलला. दोघांपैकी एकाला हलावं लागणार. नायिकेचा एक प्रश्न संहितेत तीनदा येत होता, “तू हय रवशीत?”, म्हणजे तू इथे राहशील का? पहिल्यांदा नुसती चौकशी, चार दिवस की आठ दिवस. दुसऱ्यांदा चिडवत. तिसऱ्यांदा शेवटच्या पानावर, निबंधक कार्यालयाच्या बाकावर.

आणि अकरावं नाव नायकाचं स्वतःचं होतं.

त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले. वारसनोंद झालेली, पण त्याने ती कधी पाहिलेली नाही. सुरुवातीला नायिका त्याला उतारा वाचून दाखवते, दहा नावं वाचते आणि कागद घडी घालून परत देते. अकराव्याबद्दल बोलत नाही. दहा जणांच्या दारात जाऊन, प्रत्येकाची त्या घरातली आठवण ऐकून, शेवटी पेन त्याच्याच हातात येणार होतं. पहिल्या वाचनाला आम्ही त्याच घराच्या खळ्यात बसलो होतो. दिग्दर्शकाने ते पान वाचलं आणि कोणी काही बोललं नाही. मागे मांगरात कोंबड्या तेवढ्या कलकलत होत्या. मला अजूनही वाटतं, त्या पानाइतकं चांगलं पान आपल्याकडच्या प्रेमकथांमध्ये क्वचित लिहिलं गेलंय.

जे साधलं होतं

पूर्वार्ध खरोखर चांगला आहे, हे आधी सांगायला हवं. सहा सह्या मध्यंतराआधी होतात आणि प्रत्येक सही हे एक छोटं नाटक आहे. एक काका देवळात कौल लावल्याशिवाय पेन उचलणार नाहीत. गुरव देवाच्या अंगावर कळे लावतो, ते पडले की देवाचं उत्तर मिळालं. काका हात जोडून उभे, नायक घड्याळ बघतोय, आणि कळा काही पडत नाही. दोन भाऊ एकाच घरात मधोमध भिंत घालून राहतात. दोघांचीही अट एकच, आधी त्याची सही आण. नायक मागल्या दाराने ये-जा करून थकतो, शेवटी दोघं आपापल्या पडवीत बसून एकाच वेळी सही करतात आणि सही झाल्यावर भिंतीपलीकडून पहिल्यांदा खोकल्याची विचारपूस होते. तिथे सगळे हसले, आणि हसता हसता पटांगण गप्प झालं. हे लिहायला सोपं नसतं.

तिसरा प्रसंग दशावतारातल्या नटाचा. तो राणीचं काम करतो. रात्रभर नाटक झाल्यावर पहाटे, अर्धा रंग उतरवलेल्या चेहऱ्याने, नऊवारी लुगड्यातच तो कागदावर सही करतो आणि म्हणतो की लहानपणी लुगडं नेसायला तो याच घराच्या माजघरात शिकला. पायपेटी बाजूला गुंडाळून ठेवलेली. त्या नटाचं काम एका खऱ्या दशावतारी कलाकाराने केलं होतं आणि त्याने दिलेलं वाक्य संहितेत नव्हतं.

मला सगळ्यात आवडतं ते बागेतलं दृश्य. पैसे उभे करायला दाखवता यावं म्हणून मुख्य चित्रीकरणाआधी एप्रिलमध्ये दोन दिवस काही चित्रण करून घेतलं होतं, त्यातलं हे. नायिका झेल्याने, म्हणजे जाळी बांधलेल्या लांब काठीने, आंबा उतरवते. फळ देठासकट उतरवायचं, बोटाच्या पेराएवढा देठ राहिला पाहिजे, नाहीतर चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. ती फळ तळहातावर घेते, देठाजवळचे खांदे अंगठ्याने चाचपते आणि टोपलीत ठेवते. नायक विचारतो, पिकलेलं का नाही काढत? ती सांगते, चौदा आणे तयार झाला की काढायचा, उरलेले दोन आणे तो पेटीत, पेंढ्यात होतो. झाडावर सोळा आणे होऊ दिला तर वाशीच्या बाजारात पोचेपर्यंत कामातून जातो. तो ऐकतो आणि आपण एक आंबा चाचपून बघतो. चुकतो. ती त्याच्या हातातला आंबा काढून घेते, दुसरा ठेवते. संवाद संपलेला असतो, कॅमेरा हातांवर राहतो. दोघांमध्ये काय घडतंय हे त्या हातांत दिसतं, आणि ती हे गाव सोडून का जाणार नाही तेही.

ट्रेलरमध्ये हे दृश्य होतं, भिंतीवाले भाऊ होते, आणि शेवटी काळ्या पडद्यावर तिचा आवाज: “तू हय रवशीत?” ट्रेलरने दिलेला शब्द हा होता. लोक तो धरून आले.

वडील जिवंत झाले

मुख्य चित्रीकरणाच्या तोंडावर मुंबईत एक बैठक झाली. पैसे घालणाऱ्यांपैकी एकाने कळवलं की एक नावाजलेले ज्येष्ठ अभिनेते पाच दिवस देऊ शकतात. त्यांचं नाव असलं तर वाहिनीला आणि ओटीटीला चित्रपट विकणं सोपं जाईल. त्यांच्या तोलाची भूमिका संहितेत नव्हती. कोणीतरी म्हणालं, नायकाचे वडील जिवंत ठेवू या. ते डोंबिवलीत राहतील, फोनवर दिसतील, उत्तरार्धात आजारी पडतील. भावनिक बाजूही भक्कम होईल.

सगळ्यांना ते पटलं. दिग्दर्शकालाही, कारण त्या अभिनेत्यांवर त्याचं मनापासून प्रेम. मीही त्या खोलीत होते. मला आत काहीतरी टोचलं, पण मी भाषेपुरती होते, कथेवर बोलणं माझं काम नाही असं समजून गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचं मला आजही वाईट वाटतं.

वडील जिवंत झाल्याबरोबर सातबारावरचं अकरावं नाव त्यांचं झालं. नायक आता कुलमुखत्यारपत्र घेऊन आलेला मुलगा. घर विकायचं हे वडिलांनी ठरवलेलं, पैसे वडिलांना हवेत, शेवटची सही वडिलांची. संहितेतला मजकूर पाहिला तर चारपाच दृश्यंच बदलली होती, पण नायकाच्या हातातलं पेन गेलं. ज्या माणसाला काही ठरवायचं होतं तो निरोप्या झाला.

मग पुढचं सगळं ओघाने आलं. “तू हय रवशीत?” हा प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ उरला नाही, कारण त्याचं उत्तर तो देऊच शकत नव्हता. तिसऱ्या वेळचा प्रश्न काढला. तो काढल्यावर दुसऱ्यांदा चिडवत विचारलेला अधांतरी वाटू लागला, तोही काढला. पहिला राहिला, चार दिवस की आठ दिवस एवढ्यापुरता. ट्रेलरमधला आवाज त्या पहिल्या दृश्यातला आहे. ट्रेलर कापणाऱ्याने त्यातला अर्थ ओळखला होता, पण चित्रपटात तो अर्थ शिल्लक नव्हता.

दोघांमध्ये अडथळा तर हवा. खरा अडथळा निघून गेल्यावर गैरसमज आणला गेला: नायिका अर्धवट फोन ऐकते आणि नायकाने आपल्याला फसवलं असं समजते. गैरसमजाचं दुखणं असं की दोन माणसं पाच मिनिटं शेजारी बसली तर तो मिटतो, म्हणून त्यांना शेजारी बसू न देण्यासाठी लेखकाला कसरत करावी लागते. इथे ती कसरत वडिलांच्या हृदयविकाराने केली. नायक रातोरात मुंबईला जातो. उरलेल्या चार सह्या एका गाण्यात, हसऱ्या चेहऱ्यांच्या तुकड्यांमध्ये उरकल्या जातात. पूर्वार्धात एकेक सही मिळवायला आपण दहा दहा मिनिटं त्याच्याबरोबर चाललो, आणि त्याच कागदावर आता कोण सही करतंय हेही दिसत नाही. वडील रुग्णालयात मुलाचा हात धरून ‘तुझ्या मनाला येईल ते कर’ म्हणतात. ते दृश्य त्या अभिनेत्यांनी फार उत्कट केलंय, थिएटरात लोक रडले. पण त्यानंतर घराचा उल्लेखच नाही. विकलं की ठेवलं, काही नाही.

आणि नायिका? ती धावत कणकवलीला येते आणि मुंबईच्या गाडीत चढते.

कोणी हलायचं हा संहितेचा प्रश्न होता. चित्रपटाने तो न विचारताच मुलीला हलवलं. बाग कोणाच्या भरवशावर टाकली, आजीचं काय, यावर एक वाक्य नाही. ज्या मुलीने चौदा आणे कसे ओळखायचे ते शिकवलं, ती मुलगी पेट्या भरायच्या सोडून फलाटावर धावते हे मला मुळीच पटत नाही, आणि पटांगणात बसलेल्या बायकांनाही पटलं नाही. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. चपला शोधत उठल्या.

हंगाम

याला हंगामाचीही साथ मिळाली. पैसे उशिरा जमले. एप्रिलच्या मध्यावर सुरू व्हायचं चित्रीकरण मे संपता संपता सुरू झालं. देवगडात तोवर हापूस आटोपतो. बागेतली आणखी तीन दृश्यं होती: पेट्या भरण्याचं, दलालाशी फोनवर भावाची घासाघीस, आणि पहाटे ट्रक भरताना दोघांचं बोलणं. बाहेरून आणलेल्या चार टोपल्यांवर त्यातलं अर्धं एक कसंबसं झालं. तिचं काम पडद्यावरून गेलं आणि त्याबरोबर तिचं गावात असण्याचं कारणही. ज्यांनी चित्रपट बघितला त्यांना ती पडवीत बसून वाट बघणारी एक गोड मुलगी दिसली.

1 जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढून त्यांच्यावर झापं घालण्याची घाई चाललेली, बंदराचं दृश्य रिकाम्या किनाऱ्यावर करावं लागलं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. एकच संध्याकाळ म्हणून दाखवायचं बोलणं तीन दिवसांत घेतलं, त्यामुळे एका वाक्याला खडक कोरडे आहेत आणि उत्तराला पाण्याखाली. यावर लोकांनी बरंच लिहिलं. माझ्या मते ती किरकोळ गोष्ट. दोघं एकमेकांना खरं काही विचारत असती तर खडकांकडे कोणाचं लक्ष गेलं नसतं.

डबिंगबद्दल थोडंच. विदर्भ-मराठवाड्यात कळावं म्हणून नायिकेची मालवणी सौम्य करण्याचं ठरलं. ‘माका खंयच जावचा नाय’ याचं ‘मला कुठेच जायचं नाही’ झालं. मी हट्ट धरला नाही, कारण ते वाक्य ज्या दृश्यात होतं त्या दृश्यानंतर अर्ध्या तासात ती गाडीत बसणारच होती.

दुसरी बाजू

एका मित्राचं म्हणणं, हा चित्रपट लोकांना आवडला, पहिल्या तासाबद्दल सगळे बोलतात, मग एवढा त्रास का करून घ्यायचा? दिग्दर्शकाची बाजूही मला माहीत आहे. ते ज्येष्ठ अभिनेते नसते तर कदाचित चित्रपट झालाच नसता. मराठीत मधल्या खर्चाच्या चित्रपटाला पडदे मिळवणं किती कठीण, शुक्रवारी सकाळचा एक खेळ मिळतो आणि सोमवारी तोही जातो, हे मी जवळून पाहिलंय. वडील आणायचेच होते तर आणावेत. पण त्यांना घराच्या बाजूला उभं करता आलं असतं, किंवा त्यांनी पहिल्याच रीळात दस्त करून आपला वाटा मुलाच्या नावे केला असता, तरी अकरावी सही मुलाची राहिली असती. एक नोंदणीकृत दस्त, एक दृश्य, तेही त्याच अभिनेत्यांबरोबर. त्या बैठकीत अर्धा तास कोणी सातबारा समोर ठेवून बसलं असतं तर हे सुचलं असतं. मला ते दीड वर्षाने, भाजी चिरताना सुचलं.

राणीचं काम करणाऱ्या त्या दशावतारी कलाकाराशी मी नंतर बोलले. त्यांच्याकडे संवाद लिहिलेले नसतात. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोण कोणाचं सोंग घेणार ते ठरतं, आणि बोलणं रंगमंचावर उभं राहिल्यावर. कधी एखादा नट पोचत नाही, कधी पाऊस येतो, कधी गावकऱ्यांच्या आग्रहाखातर एक प्रसंग तासभर लांबतो. मी विचारलं, मग भरकटत नाही का? ते म्हणाले, राक्षस मरायचा कसा ते सगळ्यांना ठाऊक असतं, मग मधे काय वाट्टेल ते होऊ दे. आमच्या चित्रपटात एकेक संवाद कागदावर पक्का होता, चारचारदा तपासलेला. शेवट मात्र वाटेत दोनदा बदलला.

गेल्या पावसाळ्यात दिग्दर्शकाचा फोन आला. नवीन काहीतरी लिहितोय म्हणाला. बोलता बोलता मी त्याला आजींचा प्रश्न सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “बाई, ते जुनं शेवटचं पान आहे का हो तुमच्याकडे? माझ्याकडचं गेलं.”

माझ्याकडे होतं. उच्चारांच्या खुणा पेन्सिलीने केलेली प्रत. फोनवरच त्याला वाचून दाखवलं. निबंधक कार्यालयातला लाकडी बाक. दहा सह्या झालेला कागद त्याच्या मांडीवर. आत शिपाई त्याचं नाव पुकारतो. ती शेजारी, हातात छत्री, समोर भिंतीकडे बघत विचारते, “तू हय रवशीत?” तो पेनाचं टोपण काढतो. परत लावतो. शिपाई दुसऱ्यांदा पुकारतो. तो म्हणतो, “बघतंय.” त्याच्या तोंडचा पहिला मालवणी शब्द.

पलीकडून तो म्हणाला, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं.